बॉम्बे टाकसाळीचे चार राणीछाप रुपये: माल चोख, चिठ्ठी अर्धवट

माझी उभी हयात प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे ठसे, बनवण्यात गेली. त्यामुळे नाणं हातात आलं की राणीचं तोंड मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी कड.

जुन्या नाण्यांच्या एका विक्रेत्याकडून पोस्टाने मागवलेला हा संच आहे. मुंबईच्या टाकसाळीतले चार चांदीचे रुपये, चारही १८६२ सालचे. पॅकिंगला नावं ठेवायला जागा नाही. प्रत्येक नाणं वेगळ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, एकमेकांवर घासायची सोय नाही.

वजन केलं. या रुपयाचं मूळ वजन १८० ग्रेन, म्हणजे तोळाभर, ११.६६ ग्रॅम. चांदी बारा भागांत अकरा. तीन नाणी साडेअकराच्या वर भरली; चौथं झिजलंय, ते थोडं खाली. चारही लाकडी टेबलावर टाकून वाजवली, आवाज खणखणीत. खोटं एकही नाही.

आता कड. खाचा एका अंतरावर, एका खोलीच्या. हे कॉलरचं काम. चकतीभोवती पोलादी कडं असतं. ठसा दाबला की चांदी पसरून त्या कड्याला भिडते आणि चित्र उमटतं त्याच दाबात खाचाही पडतात. माझ्याकडे एक चांदवडी रुपया आहे, हातोड्याने पाडलेला. त्याचा ठसाच चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरं चकतीवर आलेलीच नाहीत. अशा नाण्याची कड कुणी कानशीने तासली तर कळणार कसं? खाचा असलेल्या रुपयावर ती चोरी लगेच दिसते. फोर्टातली ही टाकसाळ १८२४ ते १८२९ या काळात कॅप्टन हॉकिन्स यांनी उभारली, वाफेच्या इंजिनांवर चालणारी. एवढ्या जुन्या प्रेसवर असं जॉब निघत होतं, हे बघून मला आमच्या शॉपमधले काही नमुने आठवले आणि लाज वाटली.

खरी मजा मागच्या बाजूला आहे. साल १८६२ लिहिलंय म्हणून नाणं १८६२ चंच असेल असं नाही. १८७४ पर्यंत हेच साल छापत राहिले. ही खोड कंपनीच्या काळापासूनची: १८४० चा रुपयाही पुढे वीसेक वर्षं त्याच सालाने निघत होता. बंगालमध्ये तर त्याआधीच मुघल बादशहा शाह आलमचं १९ वं राज्यवर्ष सिक्क्यांवर कायमचं गोठवलं होतं, कारण जुन्या सालाचं नाणं दिसलं की सराफ बट्टा कापायचे. साल एकच ठेवलं की जुनं-नवं हा वादच मिटला.

मुंबईच्या टाकसाळीने मात्र सालाच्या आकड्यांखाली बारीक टिंबं घातली, काही नाण्यांवर वरच्या बाजूलाही. संग्राहक त्यांवरून वर्ष लावतात. कारागिराच्या नजरेने ही युक्ती स्वस्त आणि मस्त. डायवर पंचचा एक टोला, की टिंब तयार. माझ्या दुसऱ्या नाण्यावर भिंगातून दोन टिंबं लख्ख दिसतात. तिसऱ्या नाण्यावरची झिजून एकमेकांत मिसळल्यासारखी झालीत, तिथे मी अजून अडलोय.

तक्रार इथेच आहे. चिठ्ठीवर फक्त 'मुंबई, १८६२'. अहो, टिंबांशिवाय या नाण्याची ओळख अपुरी! विक्रेत्याने टिंबं मोजून, वेगवेगळ्या टिंबांची चार नाणी लावून दिली असती तर संच म्हणायला अर्थ होता. सुरुवातीची नाणी म्हणजे अमेरिकेतल्या यादवीचा काळ. तिथला कापूस अडला, मँचेस्टर आपल्या कापसावर आलं आणि मुंबईत चांदीचा पूर लोटला. व्यापारी लगडी घेऊन टाकसाळीत जायचे, शेकडा दोन घडणावळ देऊन रुपये पाडून घ्यायचे. १८९३ साली सरकारने ही मुभा बंद केली. एवढं सगळं ज्या टिंबांत आहे, तीच चिठ्ठीवर नाहीत.

दुसरी तक्रार पॉलिशची. चौथं नाणं कुणीतरी बफवर धरलंय. चकाकतं खरं, पण राणीच्या केसांच्या रेषा बसल्यात आणि सपाट भागावर गोल ओरखडे आहेत. फोटोत ते छान दिसत होतं. फोटोत बफ मारलेलंच नाणं नेहमी छान दिसतं. बदलून मागितलं तर मुकाट्याने बदलून दिलं, हे सांगायला हवं. नवं आलेलं काळपट आहे. तेच हवं होतं.

दुबईच्या पुतण्याला एक पाठवायचा विचार होता, तर विक्रेत्यानेच अडवलं. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, देशाबाहेर पाठवता येत नाहीत. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून गप्प बसला नाही, याचे मी अर्धा तारा जास्त देतो.

पाचपैकी साडेतीन. घेणाऱ्यांनी ऑर्डर देताना दोन गोष्टी लिहून कळवाव्या: सालाखालचा क्लोजअप पाठवा, आणि न घासलेलंच नाणं द्या. कडेला झाळकामाचा डाग असेल तर भाव पाडून मागा. ते नाणं कधीकाळी कुणाच्या गळ्यातल्या माळेत होतं, कडी नंतर काढलीय.