सेकंडहँड माझदा एमएक्स-५ : अकरा महिने वापरल्यावर, मुख्यतः पाण्याच्या वाटेविषयी

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी ऑफिसला निघाले. डब्याची पिशवी शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवली आणि उतरताना उचलली, तर खालून निथळत होती. कार्पेट दाबून पाहिलं, बोटांभोवती पाणी वर आलं. सीटच्या मागे हात घातला तर तिथे डबकंच. रात्रभर पाऊस होता हे खरं, पण टप पूर्ण बंद होता, कुठे फाटलेला नव्हता, काचेजवळचं रबरही कोरडं होतं. आठ महिने जिच्यावर मनापासून प्रेम केलं त्या गाडीत पाणी शिरलं होतं आणि ते कुठून आलं हे कळत नव्हतं. हा सगळा अनुभव लिहायला बसले ते त्या सकाळमुळे.

एमएक्स-५ म्हणजे माझदाची दोन सीटची, उघडणाऱ्या टपाची स्पोर्ट्स कार. माझी २००२ ची, दुसऱ्या पिढीतली, म्हणजे एनबी. १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर, अठ्ठ्याऐंशी हजार मैल चाललेली. गेल्या मार्चात एका खासगी मालकाकडून २६०० पौंडांना घेतली. आम्ही इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्टला राहतो. घरची मोठी गाडी आहेच. ही माझी, माझ्या पगारातून साठवलेल्या पैशांची. लहानपणी पुण्यात एकदा सॅन स्टॉर्म पाहिली होती, फायबरच्या अंगाची, दोन सीटची, उघडी. तेव्हापासून अशी एक गाडी आपली असावी असं वाटत आलं होतं. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते जमलं.

तीन हजारांच्या आत उघड्या टपाची स्पोर्ट्स कार शोधताना बाकीच्यांचाही विचार केला होता. टोयोटाची एमआर२ रोडस्टर चालवायला अप्रतिम, इंजिन सीटच्या मागे. पण सामानाला जागा जवळजवळ नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांची तेल पिण्याची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. एमजीएफ सगळ्यात स्वस्त मिळते, पण तिच्या के-सिरीज इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सीलची पट्टी, जाण्याची धास्ती मला पेलणारी नव्हती. पॉर्शची पहिली बॉक्स्टर आता बरीच उतरली आहे, पण गाडी उतरली तरी सुट्या भागांचे भाव पॉर्शचेच राहतात. एमएक्स-५ चं तसं नाही. १९८९ ला शिकागोच्या शोमध्ये आली तेव्हापासून इतक्या विकल्या गेल्या की दहा लाखावी २०१६ ला कारखान्याबाहेर पडली. त्यामुळे सुटे भाग मुबलक आणि स्वस्त, आणि कुठल्याही मेकॅनिकने ही गाडी आधी हाताळलेली असते.

टॅक्सचं एक सांगून टाकते, कारण यात बरेच जण फसतात. मार्च २००१ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांचा रोड टॅक्स इंजिनाच्या आकारावर ठरतो आणि सीमारेषा १५४९ सीसीची आहे. १.६ चं इंजिन १५९७ सीसीचं, म्हणजे ते १.८ च्याच दरात बसतं. तेव्हा त्या काळातली गाडी बघत असाल तर टॅक्स वाचेल म्हणून १.६ घेऊ नका. मार्च २००१ ते मार्च २०१७ मध्ये नोंदलेल्या गाड्यांना कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर टॅक्स लागतो. त्यांचा आकडा प्रत्येक गाडीच्या लॉगबुकवरून, म्हणजे नोंदणीपत्रावरून, बघावा. विम्याचा हप्ता मला घरच्या मोठ्या गाडीपेक्षा कमी आला. पेट्रोल गॅलनला बत्तीस मैल, म्हणजे लिटरला साधारण सव्वाअकरा किलोमीटर. एवढं पुरे.

चालवण्याबद्दल मात्र थोडं लिहायलाच हवं. एप्रिलच्या एका रविवारी ग्लॉसॉपहून स्नेक पास या घाटाने वर गेले. हवा सात-आठ अंशांची. टप खाली, हीटर पायांवर पूर्ण सोडलेला, डोक्याला लोकरीची टोपी. या गाडीत सात-आठ अंश म्हणजे थंडी नव्हे, कारण हीटर सणसणीत आहे. गिअरचा दांडा इतका आखूड सरकतो की फक्त मनगट हलतं. वळणावर गाडी आपल्या कमरेतून वळते असं वाटतं. माझदावाले याला जिनबा इत्ताई म्हणतात, घोडा आणि स्वार एक. वर माळावर बाजूला थांबले, इंजिन बंद केलं, तर टिटवीच्या जातीतले इथले पक्षी ओरडत होते. बंद गाडीतून तोच रस्ता मी शंभर वेळा गेले असेन, ते पक्षी कधी ऐकले नव्हते. वेग महत्त्वाचा नाही. मॅकल्सफील्ड ते बक्स्टनच्या प्रसिद्ध घाटरस्त्यावर तर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, तिथे ताशी पन्नास मैलांच्या वर जाताच येत नाही. तरी तिथून परत येताना मन भरलेलं असतं.

आता पाण्याकडे.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. त्यांनी पंधरा मिनिटांत निकाल दिला की टप गेला, नवा बसवावा लागेल, मजुरीसकट ८७० पौंड. मी म्हटलं, पाणी कुठून येतं ते मला दाखवा. दाखवलं नाही. टप जुना आहे, जुने टप गळतात, एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं काम आणि दोष कुठे आहे हे बोट ठेवून दाखवायचीही तयारी नाही, याचा मला फार राग आला. तपासणीचे साठ पौंड देऊन गाडी परत आणली आणि विकून टाकायचं ठरवलं. जाहिरातीसाठी फोटोसुद्धा काढले.

त्या रात्री बाबांशी फोनवर बोलताना हे सांगितलं. बाबा देवरुखला असतात, घर कौलारू. त्यांनी गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाले, "अगं, छपरावरून पाणी कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? खाली."

"खाली कुठे? पन्हळ आहे का नाही? आपल्याकडे मिरगाआधी पन्हळ काढली नाही की पाणी माजघरात येतं. कौल फुटलेलं नसतं तेव्हा."

मी फोन ठेवला आणि टॉर्च घेऊन बाहेर गेले.

आणि खरोखरच पन्हळ आहे. या गाडीचा कापडी टप मागच्या बाजूला जिथे संपतो तिथे, सीटच्या मागे, आतल्या अंगाला एक प्लास्टिकची पट्टी असते. टपावरून वाहणारं पाणी तिच्यात पडतं, दोन्ही कोपऱ्यांकडे जातं, आणि सीटबेल्टच्या खांबांमागे एकेक भोक असतं त्यात उतरतं. तिथून नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली सुटते. म्हणजे हा टप पाणी अडवत नाही, पाणी वळवतो. आमच्या दारासमोर सिकमोरचं मोठं झाड आहे. त्याची पानं आणि पंखवाल्या बिया त्या भोकांत जाऊन बसलेल्या. पाण्याला वाट नाही म्हटल्यावर ते उलटं फिरून सीटमागे येणारच.

टप अर्धा उचलून कोपऱ्यात हात घातला. बोटाला काळा चिखल लागला. गवत कापायच्या स्ट्रिमरची नायलॉनची दोरी चार पौंडांना मिळते, तिचा तुकडा हळूहळू आत घातला. लोखंडी तार घालू नका आणि हवेचा दाबही मारू नका. नळी फाटली किंवा जागची सुटली तर पाणी थेट पत्र्याच्या पोकळीत जातं आणि मग ते कोणाला दिसत नाही. दहाएक मिनिटं दोरी पुढेमागे केल्यावर खालून डबडब आवाज आला आणि डाव्या चाकापुढे काळं पाणी धो धो पडलं. त्यात सिकमोरच्या बिया होत्या, मोजल्या तर सतरा. तांब्याभर पाणी वरून ओतलं, ते तितक्याच वेगाने खाली आलं. उजवीकडची नळी अर्धीच तुंबली होती, तीही मोकळी केली.

पुढचे नऊ दिवस कार्पेट आणि त्याखालचा जाड फोम आमच्या छोट्या खोलीत हीटरसमोर वाळत होता. फोम पाणी धरून ठेवतो, वरून कार्पेट कोरडं लागतं. म्हणून सीट काढून सगळं बाहेर घेतल्याशिवाय हे काम होत नाही. घरभर कुबट वास. नवऱ्याने खिडक्या उघड्या ठेवल्या आणि सीटचे नट सोडायला मदतही केली. त्यानंतर डिसेंबरभर पाऊस पडला, आत एक थेंब नाही. ८७० चं काम चार पौंडांत झालं.

इथपर्यंत मी डिसेंबरात लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी असं लिहिलं होतं की या गाडीला काही दोष नाही, पन्हळ साफ ठेवा आणि डोळे मिटून घ्या. ते वाक्य आता काढून टाकते आहे.

फेब्रुवारीत एमओटी, म्हणजे इथली गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, झाली आणि गाडी नापास झाली. डाव्या दाराखालचा उंबरा, ज्याला इथे सिल म्हणतात, त्याचं मागच्या चाकाजवळचं टोक परीक्षकाने अवजाराने दाबलं तर अवजार आत गेलं. सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या जोडाच्या तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असेल तर गाडी पास होत नाही. वेल्डिंग करणाऱ्याने सडका भाग कापून मला बोलावलं आणि आत दाखवलं. पोकळीत तोच काळा चिखल, पानांचा भुगा, ओला. म्हणजे पाणी नोव्हेंबरात पहिल्यांदा तुंबलं नव्हतं. माझ्या आधीच्या मालकांच्या काळात ते कित्येक हिवाळे तिथे मुरत होतं, आणि बाहेरून इथल्या रस्त्यांवरचं मीठ लागत होतं. आतून पाणी, बाहेरून मीठ. वीस वर्षांचा पत्रा किती टिकणार? नवा तुकडा जोडणं, रंग, आत मेण मारणं, सगळे मिळून ३८० पौंड झाले.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिच्या एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो. घेण्याआधी मी तो वाचला होता. लागोपाठ दोन वर्षं त्यात डाव्या सिलला गंज लागू लागल्याची नोंद होती. मी मालकाला विचारलं, तो म्हणाला, या वयाच्या सगळ्या गाड्यांना असतं. मी ते मानलं, कारण इंजिन गोड वाजत होतं आणि टप नवा दिसत होता. खाली वाकून पाहिलं तेव्हा उंबऱ्याला ताजा काळा थर मारलेला होता. तो मला काळजी घेतल्याची खूण वाटला. आज मी ताजा काळा थर दिसला तर तिथेच सौदा थांबवीन.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी इंजिनापासून सुरुवात करत नाही. बघायला जाताना पाण्याची लिटरभर बाटली घेऊन जा. मालकाची परवानगी घेऊन टप अर्धा करा आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत अर्धी अर्धी ओता. खाली, मागच्या चाकांच्या पुढे, पाणी लगेच आणि मोकळं पडलं पाहिजे. थेंबथेंब आलं तर नळी तुंबली आहे. अजिबात आलं नाही, आणि वरही साचलं नाही, तर ते उंबऱ्यात जातं आहे, तिथून परत फिरा. सीटमागचं कार्पेट उचलून फोम पिळून पहा. चाकापुढचं उंबऱ्याचं टोक अंगठ्याने दाबा, रंगाला फुगे आहेत का बघा. एनबीत पुढच्या चेसिसचे दांडे आतून सडतात, ते खालचं प्लास्टिकचं झाकण काढल्याशिवाय दिसत नाहीत, आणि एमओटीत झाकण काढत नाहीत. त्यासाठी लिफ्टवर घेऊन बघण्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या. माझे दांडे सुदैवाने धड निघाले.

धातूचा घडी होणारा टप घेतला की ही कटकट नाही, असं मला दोघांनी सांगितलं. २००६ पासून तिसऱ्या पिढीत तसा टप आला. पण त्यालाही पाणी काढून देणाऱ्या नळ्या आहेतच, आणि त्याही साफ कराव्या लागतात.

विकायचे फोटो मी पुसून टाकले आहेत. ३८० देऊनसुद्धा ही मला अजून परवडणारी गाडी वाटते, मात्र २६०० ची म्हणून नाही. पहिल्या दिवसापासून तिला तीन हजारांची समजायला हवं होतं. तशी समजले असते तर मालकाशी चारशेची घासाघीस नक्की केली असती. हे चारशे अजून मनातून जात नाहीत.

पानगळ सुरू झाली की दर रविवारी आणि एरवी महिन्यातून एकदा मी दोरी घालते. बाबा फोनवर आधी तेच विचारतात. उजव्या उंबऱ्याला अजून भोक नाही, पण दाबल्यावर पत्रा किंचित लवतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याच वेल्डिंगवाल्याकडे वेळ घेतली आहे.