तेज, वैभव, महिमा, गौरव : मराठी ‘पवित्र शास्त्रा’ची एक कामापुरती परीक्षा

बायबलचे परीक्षण लिहिणे हा थोडा आगाऊपणाच. पण इथे तपासायची आहे ती एक छापील मराठी प्रत, आणि तीही एकाच कामासाठी. देवाचे गौरव प्रकट झाले असे ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते, हे मराठीतून शोधताना ही प्रत कितपत साथ देते, एवढाच प्रश्न आहे. प्रत म्हणजे बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’, आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन), पुनर्संपादित. जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके. कॅथलिक परंपरेतली जादा पुस्तके हवी असतील तर ही प्रत घेऊ नये. दुकानात विचारूनच घ्यावी, मुखपृष्ठावरून फरक कळत नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. भाषांतर म्हणून ही प्रत बहुतेक ठिकाणी उत्तम आहे. पण एका शब्दाचा माग काढायचे साधन म्हणून ती वाचकाला चकवते, आणि नेमकी याच विषयात सगळ्यांत जास्त.

अडचण अशी. मूळ हिब्रूत या कल्पनेसाठी मुख्य शब्द एकच आहे, ‘कावोद’. जुन्या करारात तो जवळपास २०० वेळा येतो. ग्रीक नव्या करारात त्याच्या जागी ‘डोक्सा’ येतो, साधारण १६५ वेळा. मराठी प्रतीत मात्र या एका धाग्याचे चार झाले आहेत. निर्गम ३३:१८ (म्हणजे निर्गम पुस्तक, अध्याय ३३, वचन १८) मध्ये मोशे मागतो ते ‘तेज’. यशया ६:३ मध्ये सराफीम (स्वर्गीय सेवक) गातात ते ‘वैभव’. स्तोत्र १९:१ मध्ये आकाश वर्णन करते तो ‘महिमा’. योहान १:१४ मध्ये शिष्यांनी पाहिले ते ‘गौरव’. चारही शब्द आपापल्या जागी शोभतात, कानाला गोड लागतात. पण निर्गमापासून योहानापर्यंत एकच गोष्ट चालली आहे, हे नुसती मराठी प्रत वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही. हिंदी प्रत नव्या करारात बऱ्यापैकी ‘महिमा’वर टिकून राहते, तरी जुन्या करारात तिचाही ‘तेज’ होतोच. तेव्हा हा दोष एकट्या मराठीचा नाही.

आता शब्दांची किंमत. ‘कावोद’ ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थ जड असणे. देवाचा कावोद म्हणजे त्याचे वजन. तो समोर आला की बाकी सगळे हलके पडते. पहिले शमुवेल, अध्याय ४ हिब्रूत वाचला तर हा खेळ उघड दिसतो. वृद्ध याजक एली अंगाने ‘जड’ होता म्हणून पडून त्याची मान मोडली, आणि चारच ओळींनंतर त्याची सून मरता मरता मुलाचे नाव ईखाबोद ठेवते, कारण कराराचा कोश (पवित्र पेटी) शत्रूने नेला आणि कावोद गेला. जडपणा आणि कावोद एकाच मुळाचे. मराठीत हा दुवा पुरता हरवतो, आणि तळटीप नसेल तर त्याचा पत्ताही लागत नाही.

गंमत अशी की मराठीकडे या शब्दाला जुळणारा नेमका शब्द आहे. ‘गौरव’ हा ‘गुरु’पासून आलेला, आणि ‘गुरु’चा मूळ अर्थ जड. गुरुत्वाकर्षणातला गुरु तोच. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिले तर कावोदला गौरव हा प्रतिशब्द हुकमी बसतो. ग्रीक ‘डोक्सा’पेक्षाही चांगला, कारण डोक्सा हा ‘वाटणे, मत असणे’ या क्रियापदातून आला आणि आधी त्याचा अर्थ मत किंवा लौकिक एवढाच होता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा कावोदसाठी डोक्सा वापरला गेला आणि त्या शब्दात नवे वजन आले. या प्रतीने मात्र उलटी वाट धरली: गौरव मुख्यतः नव्या करारात ठेवला आणि जुन्यात तेजाला पुढे केले.

‘तेज’ कुठे चालते आणि कुठे फसते, हे ओळीवार बघावे लागते. निर्गम २४:१७ मध्ये सीनायच्या माथ्यावर भस्म करणाऱ्या अग्नीसारखे काही दिसते, तिथे तेज हाच शब्द. लूक २:९ मध्ये मेंढपाळांभोवती ते प्रकाशते. तिथेही दुसरा शब्द शोधू नये. निर्गम ४०:३४ मध्ये मेघाची छाया पडते आणि निवासमंडप (उपासनेचा तंबू) तेजाने भरतो, तेही ठीक. पण निर्गम ३३ घ्या. मोशे कावोद दाखव म्हणतो. उत्तरात देव म्हणतो, माझा सगळा चांगुलपणा तुझ्यासमोरून जाईल आणि मी माझे नाव उच्चारीन. चेहरा मात्र दिसणार नाही. मोशेला खडकाच्या कपारीत ठेवले जाते, आणि ३४:६ मध्ये जे घडते ते ऐकू येणारे आहे: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. त्या दर्शनात डोळे दिपवणारा उजेड कुठेच नाही. गौरव दाखव म्हटले आणि देवाने स्वभाव दाखवला, हा त्या प्रसंगाचा गाभा. ‘तेज’ वाचून गेलेला वाचक उजेडच शोधत बसतो आणि चांगुलपणाची ओळ हातची निसटते.

दुसरा फसवा थांबा त्याच पुस्तकात, ३४:२९. मोशे डोंगरावरून उतरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याची कातडी चमकते. इथे हिब्रूत कावोद नाहीच. शिंगाशी नाते असलेले वेगळे क्रियापद आहे. म्हणूनच लॅटिन भाषांतरात मोशेला शिंगे फुटली, आणि रोमच्या सान पिएत्रो इन विंकोली चर्चमधल्या मायकेलअँजेलोच्या पुतळ्याच्या डोक्यावर ती आजही आहेत. ग्रीक भाषांतराने मात्र इथे डोक्साचेच क्रियापद वापरले, आणि प्रेषित पौल २ करिंथ ३ मध्ये मोशेच्या चेहऱ्याचा डोक्सा म्हणतो तो त्याच आधारावर. मराठी वाचकाने निर्गम ३४ ला कावोदची खूण केली तर ती चुकेल. करिंथला डोक्साची केली तर बरोबर.

तिसरा फसवा थांबा इब्री १:३. ‘गौरवाचे तेज’ असे छापले आहे, आणि जुन्या करारात तेज म्हणजे कावोद अशी सवय लागलेला वाचक इथे एकाच गोष्टीची दोन नावे समजतो. तसे नाही. इथे गौरव म्हणजे डोक्सा. तेज हा दुसऱ्याच ग्रीक शब्दासाठी आहे, प्रभा किंवा फाकणारा किरण या अर्थाने. पुत्र (ख्रिस्त) हा त्या वजनाचा बाहेर पडणारा किरण, असे वाक्य आहे. ख्रिस्ती विश्वासातले प्रकटीकरण एका ओळीत मांडायचे तर हीच ओळ, म्हणून इथला घोटाळा महागात पडतो.

२ करिंथ ३:१८ मध्ये मूळ ग्रीकात डोक्सा एकाच वचनात तीनदा आहे. मराठीत आधी ‘वैभव’ येतो आणि मग ‘तेजस्वितेच्या परंपरेने’. दुसरा शब्दप्रयोग ऐकायला सुरेख, पण ‘गौरवातून गौरवाकडे’ ही पायरी त्यात दिसत नाही. उलट, आपण आरशासारखे प्रतिबिंब ‘पाडतो’ ही निवड धीट आहे. ग्रीक क्रियापद ‘आरशात पाहणे’ आणि ‘आरशासारखे परावर्तित करणे’ असे दोन्हीकडे झुकते; या प्रतीने दुसरी बाजू घेतली.

आता योहानाकडे, कारण या प्रतीची खरी कसोटी तिथे आहे. १:१४ मध्ये शब्द (म्हणजे ख्रिस्त) देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये ‘वस्ती केली’. वस्ती हा शब्द मोठा आपला आहे, रात्रीच्या वस्तीच्या एसटीपर्यंत पोचणारा. पण ग्रीकात तंबू ठोकण्याचे क्रियापद आहे, आणि ते निर्गम ४० च्या निवासमंडपाकडे बोट दाखवते: तिथे मंडप उभा राहिला आणि गौरवाने भरला; इथे देह हाच मंडप. वस्तीत तंबूचा कापडी वास राहत नाही. समासात ‘निर्गम ४०:३४’ एवढे लिहून ठेवले की काम भागते. (देवाच्या सान्निध्यासाठी गाण्यांतून फार ऐकू येणारा ‘शेखिना’ हा शब्द मात्र बायबलमध्ये कुठेच सापडणार नाही. तो नंतरच्या यहुदी गुरूंचा. शोधण्यात वेळ घालवू नये.)

याच वचनात एक बारकावा या प्रतीला पूर्ण गुण मिळवून देतो. ‘त्याचे गौरव पाहिले’ असे नपुंसकलिंगी रूप आहे. रोजच्या मराठीत आपण ‘त्यांचा गौरव झाला’ म्हणतो, पुल्लिंगी, म्हणजे समारंभ: शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि लांबलेली भाषणे. नपुंसकलिंगी गौरव कुणी बाहेरून करत नाही. ते त्या व्यक्तीच्या ठायी असते. मोठ्याने वाचन करणाऱ्याने इथे घाईत ‘त्याचा गौरव’ म्हणू नये. अर्थ खरोखर बदलतो.

तरीही सत्काराची सावली पूर्ण जात नाही, आणि योहानात ती सगळ्यांत जास्त नडते. २:११ मध्ये काना गावातल्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला आणि गौरव प्रकट झाले, इथपर्यंत कुणालाही पटते. पण १३:३० मध्ये येशूला धरून देणारा शिष्य यहूदा बाहेर पडतो, ‘रात्र होती’ असे योहान लिहितो, आणि पुढच्याच ओळीत येशू म्हणतो, आता मनुष्याच्या पुत्राचे गौरव झाले आहे. विश्वासघात सुरू झाला त्या क्षणी. १२:२३ ला गौरवाची वेळ आली आणि १२:२४ ला लगेच मातीत पडून मरणारा गव्हाचा दाणा. योहानासाठी क्रूस हीच गौरवाची जागा आहे. ‘उंच केला जाणे’ आणि ‘गौरव होणे’ ही जोडी यशया ५२:१३ च्या ग्रीक भाषांतरात एकत्र येते, आणि ते पीडित सेवकाबद्दल आहे. वजन म्हणून गौरव वाचला तर हे सगळे जुळते. सत्कार म्हणून वाचला तर विचित्र वाटते, आणि वाचक ते पुनरुत्थानावर ढकलून मोकळा होतो. प्रवचनांत होणारी सर्वांत सामान्य चूक हीच.

रूपांतराचा प्रसंग (डोंगरावर शिष्यांसमोर येशूचे रूप पालटते तो) तपासताना तो सांगणारी तीनही शुभवर्तमाने शेजारी ठेवा. मत्तय १७ आणि मार्क ९ मध्ये चेहरा किंवा वस्त्रे चमकतात, पण डोक्सा हा शब्द फक्त लूक ९:३१–३२ मध्ये आहे. मोशे आणि एलीया तिथे बोलतात ते येशूच्या ‘निर्गमना’विषयी, ग्रीक शब्द ‘एक्झोडोस’ हाच. योहान हा प्रसंग सांगतच नाही, कारण त्याच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायापासूनच गौरव दिसत असते.

प्रतीच्या अंगाविषयी थोडक्यात. कागद बायबलला लागतो तसा पातळ, त्यामुळे हायलायटर आणि जेल पेन पलीकडे उतरतात. टोकदार एचबी पेन्सिल किंवा कोरडी रंगीत पेन्सिल वापरावी. समास अरुंद. चेनचे कव्हर प्रवासाला बरे, पण बंद करताना कोपऱ्यातली पाने चेनमध्ये अडकून फाटतात. टेबलावर अभ्यास करणार असाल तर साधी पुठ्ठा बांधणी घ्यावी. छोट्या आकाराच्या प्रतीत अक्षर बारीक असते आणि वचनांचे आकडे मजकुरात हरवतात, तेव्हा दुकानातच निर्गम ४० उघडून एक परिच्छेद सलग वाचून पाहा.

खुणा करायची पद्धत. मराठी शब्द पाहून खूण करू नये. मूळ शब्द पाहून करावी. त्यासाठी स्ट्राँगचे क्रमांक (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा) दाखवणारे कोणतेही फुकट अ‍ॅप चालेल: हिब्रू ३५१९ म्हणजे कावोद, ग्रीक १३९१ म्हणजे डोक्सा. कावोदसाठी समासात ‘क’, डोक्सासाठी ‘ड’, मग मराठीत तेज छापलेले असो वा वैभव. राजवैभव, शोभा, प्रताप अशा अर्थाचे हिब्रूत दुसरेही शब्द आहेत. त्यांना ‘क’ लावू नका, नाहीतर राजाच्या प्रत्येक झग्यावर खूण होईल. २०० ठिकाणे एका दमात करायची नाहीत. सुरुवातीला निर्गम २४, ३३–३४ आणि ४०. मग १ राजे ८:१०–११, जिथे मेघामुळे याजकांना उभे राहता येईना. मग यहेज्केल १०:१८, ११:२३ आणि ४३:२, म्हणजे गौरव मंदिरातून निघाले, शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर थांबले आणि पूर्वेकडूनच परतले. त्यानंतरच योहान घ्यावा. यहेज्केल गाळून योहानाकडे उडी मारली तर रिकामे राहिलेले मंदिर लक्षात येत नाही आणि १:१४ ची निकड कळत नाही.

फोनवर वाचणाऱ्यांसाठी हेच भाषांतर यूव्हर्जन अ‍ॅपवर फुकट आहे, आणि तिथे दोन-तीन मराठी भाषांतरे एकाखाली एक लावून पाहता येतात. अशा तुलनेत एखाद्या वचनात शब्द बदलताना दिसला की समजावे, इथे मूळ शब्द जड आहे. अ‍ॅपमधल्या शोधावर मात्र भिस्त ठेवू नये. ‘गौरव’ शोधले तर निर्गम ३३:१८ येणार नाही, आणि ‘तेज’ शोधले तर इब्री १:३ चुकीच्या कारणाने येईल.

तुलनेसाठी पंडिता रमाबाईंचे भाषांतर मिळाले तर जरूर बघा. हिब्रू आणि ग्रीकवरून एकटीने केलेले हे काम १९२२ मध्ये त्या वारल्यानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर आले, आणि साध्या बाईमाणसाला कळावे हा त्यांचा हेतू होता. ते रोजच्या वाचनाला नको, पण एखाद्या वचनावर अडलात की शेजारी हवे.

नवीन वाचकाला एकच प्रत घ्यायची असेल तर हीच घ्यावी, मध्यम आकाराची, पुठ्ठा बांधणीची. रोम ३:२३ पाशी, जिथे सगळे देवाच्या ‘गौरवाला उणे पडले’ आहेत, पेन्सिलने ‘ड’ लिहा आणि बाजूला एक छोटा तराजू काढा.