नाशिकचा नकाशा डोक्यातून काढायचा तर: नदीपासून की खुणांपासून?

मी दोन्ही करून बघितलं. आधी नदी, म्हणजे कागदावर गंगा काढायची (गोदावरी कोण म्हणतं इथे!), एका बाजूला पंचवटी, दुसऱ्या बाजूला जुनं नाशिक, मधे होळकर पूल, की शहराचा सांगाडा लगेच उभा राहतो, पण सिडको, सातपूर ही उपनगरं कुठेतरी लोंबकळत राहतात.

खुणांचं उलटं. सीबीएस (जुना बसस्टँड), द्वारका चौक, मुंबई नाका, आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती, जिच्या कुठवर पाणी आलं यावर अख्खं गाव पूर मोजतं, हे सगळं झटकन आठवतं, फक्त अंतरं पार गंडतात. नाशिकरोड स्टेशन मी द्वारकेला चिकटवलं होतं राव! नगररचनाकार केविन लिंचने 1960 साली लोकांच्या डोक्यातल्या शहराचे रस्ते, कडा, भाग, चौक, खुणा असे पाच घटक सांगितले, त्यात आपली नदी कडाही आणि खूणही. मी तर नदीवालाच.