बारीक कामाला सिंथेटिक राउंड ब्रश (नंबर 0, 1, 3): पावसाळा ते उन्हाळा वापरून

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात पक्षी-प्राणी काढणं हा माझा नाद. भीमाशंकरला, सिंहगडाच्या पायथ्याला भटकताना पेन्सिलीने टिपून घ्यायचं आणि घरी निवांत रंगवायचं. त्यासाठी गेल्या जूनमध्ये हा तीन ब्रशांचा संच घेतला. मुंगसाच्या केसांचा ब्रश नको होता, हे पहिलं कारण. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे, त्याच्या केसांचे ब्रश विकणं गुन्हा आहे. तरी 'नॅचरल हेअर' म्हणून समोर काय येईल याचा भरवसा नाही. मुंगसाच्या जिवावर शेकरू रंगवायचं, हे काही पटेना. सायबेरियन वीझल या प्राण्याच्या केसांचा कोलिन्स्की ब्रश उत्तमच, पण खिशाला न परवडणारा.

बारीक कामाला सगळ्यात बारीक नंबर हवा असं समजून बरेच जण 0 किंवा त्याहून लहान ब्रश मागवतात. माझा 0 जवळजवळ पडूनच आहे. त्याच्या पोटात रंग मावत नाही. चित्रातले दोन-तीन केस रेखले की कोरडा. एप्रिलमध्ये पुण्यात तर कागदाला टेकेपर्यंतच टोकावर रंग वाळतो. नंबर 3चं टोक नवं असताना तितकीच बारीक रेघ देतं, वर पोटात पाणी धरतं, त्यामुळे एकदा भरला की शेपटीचा चांगला झुपका उरकतो. मुळाशी किंचित दाब, मग हात उचलत न्यायचा.

शेकरूची खरी परीक्षा शेपटीतच. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस-तपकिरी आणि शेपटीचा टोकाकडचा भाग फिकट असतो. तपकिरी केस सोपे: बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश (पाणीदार रंगाचा सपाट थर), वाळला की वरून बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन. फिकट केस मात्र काढायचेच नसतात. कागद कोरा ठेवून मागच्या पानांची काळपट हिरवी सावली केसांच्या मधेमधे भरायची. इथे टोक जरा जरी फाकलं तरी शेपटीचा झाडू होतो. या कामात नंबर 3 पहिले चार महिने अजिबात दगा देत नव्हता.

मग टोक आकडीसारखं वळायला लागलं. सिंथेटिकचा हा जुनाच आजार. गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी सरळ केलं की काही दिवस निभावतं, पुन्हा वळतं. नंबर 1चं तर आधीच वळलं होतं. मुघल चित्रकार खारीच्या केसांचे ब्रश वापरत. जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या पक्ष्यांची पिसं बघितली की नायलॉनची कीव येते.

कागदाबद्दल थोडंसं, कारण त्याचा दोष लोक ब्रशच्या माथी मारतात. कोल्ड प्रेस म्हणजे खरबरीत कागदाच्या दाण्यावर केसाची रेघ तुटतेच. 300 जीएसएमचा (जाडसर) कॉटन हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागद घ्या. पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. ओल धरून त्याचं सायझिंग (रंग शोषू न देणारा लेप) बिघडलं की कुठल्याही ब्रशची रेघ फुटते.

किमतीच्या मानाने संच वाईट नाही, पण पुन्हा संच घेणार नाही. नंबर 3 सुटा मिळाला तर एकदम दोन घेईन, एक वॉशला आणि एक फक्त टोकाच्या कामाला. वळलेला नंबर 1 सध्या मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचा रबरी द्रव) लावायला आहे.