ऑप्टोकपलर की डिजिटल आयसोलेटर? घरगुती मोशन सिम्युलेटरसाठी

गेमबरोबर हलणाऱ्या खुर्चीची वायपर मोटर आणि तिला हुकूम देणारा अर्दुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) यांच्यामध्ये आडोसा हवा, म्हणजे सिग्नल जावा पण दोन्हीकडची वीज एकमेकांना जोडलेली नसावी, हे ज्यांना आधीच पटलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आयबीटी-२ या मोटर ड्रायव्हर बोर्डावरची ७४एचसी२४४ चिप म्हणजे आडोसा नव्हे. ती नुसता बफर आहे, सिग्नलला बळ देऊन पुढे ढकलणारा. ग्राउंड दोन्हीकडे एकच राहतो. ड्रायव्हरची जाड ऋण तार स्क्रूखाली सैल झाली आणि एसएमपीएसचा (मोटरच्या पॉवर सप्लायचा) ऋण कुठेतरी पीसीच्या अर्थिंगला जोडलेला असला, की २० अँपिअर अर्दुइनो आणि यूएसबीमधून वाट काढू बघतात.

उमेदवार दोनच: ६एन१३७ हा ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशातून सिग्नल पलीकडे पाठवणारा) आणि आयएसओ७७४०एफ हा डिजिटल आयसोलेटर (तेच काम एलईडीशिवाय करणारी चिप). पीसी८१७ हा स्वस्तातला ऑप्टोकपलर मोटरची दिशा सांगणाऱ्या तारेला चालेल, पण २० किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएमच्या (मोटरचा जोर ठरवणाऱ्या चालू-बंद सिग्नलच्या) ५० मायक्रोसेकंदांच्या एका फेरीत तो बंद व्हायलाच इतका रेंगाळतो की ड्युटी सायकलचा, म्हणजे फेरीतल्या चालू वेळेच्या प्रमाणाचा, बट्ट्याबोळ होतो.

६एन१३७ सोयीचा आहे, वाद नाही. झीरो पीसीबीवर बसतो, उडाला तर सॉकेटमधून काढून दुसरा लावता येतो, वेगही भरपूर. पण त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते लाइन फक्त खाली ओढू शकतं. आतला एलईडी विझला की पुल-अप रेझिस्टर लाइन हाय करतो. आणि सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर सिरियल पोर्ट उघडतं तेव्हा अर्दुइनो ऊनो रिसेट होतो. त्याचा बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्राम) संपेपर्यंत पीडब्ल्यूएमच्या पिना अधांतरी. म्हणजे एलईडी विझलेला, लाइन हाय, आणि ड्रायव्हर पीडब्ल्यूएम-दिशा जातीचा (एक तार जोराची, एक दिशेची) असेल तर मोटर पूर्ण जोरात एका टोकाला. माझ्याकडे गेम सुरू करायचा म्हटलं की आधी खुर्ची धाडकन आपटायची. मग सवयच लागली: आधी पोर्ट उघडायचा, मग मोटरचा सप्लाय चालू करायचा, आणि पाहुण्याला बसवताना नेमकं तेच विसरायचं.

यावर उपाय नाही असं नाही. ऑप्टोचा एलईडी अर्दुइनोची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडून ऑप्टोच्या आउटपुटवर ७४एचसी१४ इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारी चिप) टाकला की विझलेल्या एलईडीला लाइन लो राहते. कुणाला आणखी एक चिप आणि तेवढं सोल्डरिंग चालत असेल तर तेही ठीकच.

आयएसओ७७४०एफ मध्ये ही कटकट मुळातच नाही. इनपुट तुटलं किंवा त्या बाजूचा सप्लाय गेला तरी आउटपुट लो. 'एफ' बघूनच घ्या, त्याच्याशिवायची चिप उलट हाय होते. चार चॅनल, सगळे एकाच दिशेने, म्हणजे दोन मोटरींचं एका चिपमध्ये भागतं. ती एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायची बारीक चिप) आहे, अडॅप्टर बोर्ड लागतो, किंमतही जास्त. ज्याचा हात सोल्डरिंगला थरथरतो त्याने ६एन१३७ घेतला तर मी नाही म्हणणार नाही.

ड्रायव्हरकडचे ५ व्होल्ट मात्र मोटरच्या सप्लायवरून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) लावून काढा, अर्दुइनोवरून नको. सगळं जोडून झाल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब अर्दुइनोच्या ग्राउंडला, दुसरा ड्रायव्हरच्या ग्राउंडला लावा. बीप वाजली, म्हणजे दोन्ही ग्राउंड कुठेतरी जोडलेले आहेत, तर आधी पॉट (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते अर्दुइनोला सांगणारा पोटेन्शिओमीटर) बघा. बऱ्याचदा त्याचा ग्राउंड लोखंडी फ्रेमला टेकलेला सापडतो.