घडीचं प्लेपेन: खोक्यावर पिल्लू, आत आमची म्हातारी

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो दाराच्या खटक्यासाठी, त्याचं पुढे सांगते.

हे जाळीचं घडीचं कुंपण पिल्लांसाठी म्हणून विकतात, खोक्यावर फोटोही गुबगुबीत पिल्लाचाच आहे, पण मला विचाराल तर याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे विसरभोळं झालेलं म्हातारं कुत्रं आणि त्याच्यापायी रात्र रात्र जागणारं घर. आमची चिंगी १४ वर्षांची. दिवसभर ढाराढूर झोपते आणि दिवे मालवले की हिची ड्युटी सुरू, इकडून तिकडे येरझाऱ्या, नखांची टकटक, मध्येच भिंतीकडे बघून भुंकायचं, दार जिकडून उघडतं तिकडे न जाता बिजागरीच्या बाजूला उभं राहून वाट बघायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सोफ्यामागच्या फटीत शिरायचं, मग मागे कसं यायचं तेच सुचत नाही म्हणून तिथेच उभं राहून कण्हायचं. रात्री कितीदा उठून तिला तिथून काढायचं?

डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की हा कुत्र्यांचा डिमेन्शिया आहे, त्यांच्या भाषेत कॉग्निटिव्ह डिसफंक्शन. माणसांच्या अल्झायमरमध्ये मेंदूत जे बीटा अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं तेच इथेही साचतं म्हणे. आणि हे काही जगावेगळं नाही, २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी तब्बल ६८ टक्के कुत्र्यांमध्ये यातलं निदान एक तरी लक्षण होतं. म्हणजे 'वय झालंय, चालायचंच' म्हणून आपण जे सोडून देतो त्यातलं बरंचसं हेच असणार.

आता मुद्द्याची गोष्ट. याला आठ पट्ट्या (म्हणजे एकमेकींना जोडलेल्या जाळीच्या चौकटी) आहेत, पूर्ण उघडलं की अष्टकोन होतो. खोलीचा कोपरा ९० अंशाचा, याचा १३५ अंशाचा, म्हणजे जवळजवळ गोलच. चिंगी कडेकडेने चालत राहते, नाक कुठेच अडकत नाही, वळत वळत परत गादीपाशी येते आणि दमली की बसते. चालणं बंद झालं का? नाही झालं. पण अडकणं बंद झालं, आणि आमची झोप उडायची ती तिच्या चालण्याने नाही, अडकल्यावरच्या कण्हण्याने. ज्यांच्याकडे चार पट्ट्यांचं चौकोनी आहे त्यांना हा फायदा मिळणार नाही, घेताना एवढं बघाच.

आत कसं मांडलंय ते पण सांगते कारण नुसतं कुंपण उभं करून काही होत नाही. खाली रबरी मॅट, कारण म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात आणि पडलं की ते अजूनच घाबरतं. एका बाजूला गादी, समोरच्या बाजूला सू साठीचे पॅड, मध्ये पाण्याचं भांडं. ही जागा रोज तीच ठेवायची, हौसेने बदलायची नाही, जे थोडंफार लक्षात राहतं ते सवयीने राहतं. बाजूला एक मंद दिवा, पूर्ण अंधारात तिला काही कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री गळ्यातला पट्टा काढायचा. पट्ट्याची कडी किंवा बिल्ला जाळीत अडकला तर आपण झोपेत असताना काय होईल याचा विचारही नको.

आता तक्रारी. दाराचा खटका असला खणखणीत वाजतो की मधेच उठून पॅड बदलायला गेलं की नुकतीच डोळा लागलेली चिंगी दचकून उभी. मी खटक्याला जाड कापड गुंडाळलंय, पण बनवणाऱ्याने एवढं बघायला हवं होतं ना! दुसरं म्हणजे वजनाला हलकं आहे, तिने अंग घासलं की सगळं कुंपण फरशीवर सरकतं, म्हणून कुंपणाच्या दोन पट्ट्या पलंगाच्या पायाला बांधून टाकल्यात. पलंगाजवळ असण्याचा एक फायदाही झाला, माणसाचा वास आणि श्वास जवळ असला की ती लवकर शांत होते. बाबांचं म्हणणं होतं की हॉलमध्ये ठेवा, आवाज येणार नाही, पण एकटी पडली की ती जास्त रडते हे त्यांनाच पहिल्यांदा पटलं.

घेण्याआधी एक विनंती, कुंपण नंतर, डॉक्टर आधी. रात्री फिरणारं कुत्रं सांधे दुखतात म्हणूनही फिरत असतं, घरात सू करणारं कुत्रं लघवीच्या इन्फेक्शनने, किडनीने किंवा डायबेटिसनेही करत असतं, आणि हाक मारल्यावर बघत नाही ते कदाचित फक्त बहिरं झालेलं असतं. दुखणाऱ्या कुत्र्याला कुंपणात घालून आपण झोपायचं म्हणजे कठीणच आहे. अजून एक, कोपऱ्यात नुसतं उभं राहणं वेगळं आणि भिंतीला डोकं दाबून धरणं वेगळं. डोकं दाबून धरत असेल तर वाट न बघता लगेच न्या, ते मेंदूच्या किंवा लिव्हरच्या मोठ्या आजाराचं लक्षण असू शकतं.

आणि या कुंपणाने डिमेन्शिया बरा होतो असं कोणी समजू नका. आजार पूर्ण बरा होतच नाही, हळू मात्र करता येतो. सेलेजिलिन नावाचं औषध आहे, अमेरिकेत १९९८ पासून कुत्र्यांच्या याच आजारासाठी मान्य आहे, सगळ्यांना लागू पडतं असं नाही आणि पडलं तरी फरक दिसायला काही आठवडे जातात. पण ट्रॅमाडॉल नावाचं वेदनाशामक, डिप्रेशनची काही औषधं आणि गोचिडांसाठी वापरतात ते अमिट्राझ यांच्याबरोबर ते चालत नाही, म्हणून आधीचं काय काय चालू आहे ते डॉक्टरांना सगळं सांगायचं, गोचिडाच्या पट्ट्यासकट. एमसीटी तेल (लवकर पचणारी एक प्रकारची चरबी) घातलेले खास आहारही मिळतात, म्हातारा मेंदू ग्लुकोज नीट वापरू शकत नाही, मग या तेलापासून शरीरात कीटोन बनतात ते इंधन म्हणून कामाला येतात. तेल आपल्या मनाने ओतू नका, पोट बिघडतं. माणसांची झोपेची मेलाटोनिनची गोळी तर अजिबात नको, काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्यांना विष आहे.

दिवसा कुंपण घडी करून भिंतीला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण एकदा सोय झाली की दिवसभर आतच ठेवायचा मोह होतो, ताईने तर सरळ विचारलं, 'आता हिला तिथेच राहू दे ना?' नाही. दिवसा उजेडात हळूहळू फिरवणं, वास घेत घेत हवं तेवढं रेंगाळू देणं, टॉवेलच्या घडीत खाऊ लपवून शोधायला लावणं, हे जेवढं होईल तेवढी रात्र बरी जाते. दिवसभर आत पडून राहिली तर झोपेचं घड्याळ अजूनच उलटं फिरतं.

कोणी घेऊ नये? ज्यांचं कुत्रं बंद केल्यावर घाबरून जाळी चावतं, ओरबाडतं त्यांनी. दात तुटतील, भीती वाढेल. आधी काही दिवस दार उघडंच ठेवून आत खाऊ द्या, स्वतःहून जाऊन बसायला लागलं तरच दार लावा. आणि कुत्रं मोठं असेल तर उंचीपेक्षा रुंदी बघा, म्हातारं कुत्रं उडी मारून बाहेर जायची शक्यता कमी, पण वळताना कुल्ले जाळीला घासत असतील तर या अष्टकोनाचा काही उपयोग नाही. दोन सेट जोडून मोठं करता येतं असं खोक्यावर लिहिलंय आणि ते खरं आहे, जोडाच्या सळया वेगळ्या मागवाव्या लागत नाहीत.