हवा भरलेली टाकी दाखवून विकलेला कॉम्प्रेसर

इंजिनाच्या बेल्टवर चालणारा एअर कॉम्प्रेसर गाडीत बसवून घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे ३४ हजार गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन महिने बायको-मुलं बसायची त्या मागच्या सीटखाली मी एक धोकादायक टाकी घेऊन फिरत होतो.

माझ्याकडे वडिलांची १९९२ सालची एमएम ५४० जीप आहे. पावसाळ्यात आम्ही पाच-सहा जण वेल्हे, केळदच्या बाजूला जातो. तिथल्या लाल चिखलात टायरात रस्त्याची २८ हवा ठेवून चालत नाही, १६ पर्यंत उतरवावी लागते. उतरवायला काहीच लागत नाही, परत भरायची पंचाईत. जवळचा पंक्चरवाला वीस-पंचवीस किलोमीटरवर. बॅटरीवरचा छोटा पंप होता, पण दोन टायर भरले की तो हात लावू देत नसे इतका तापायचा. या जीपला एसी नाही, इंजिनाशेजारी जागा मोकळी आहे. तिथे एसीचाच कॉम्प्रेसर बसवून त्यातून हवा घ्यायची ही युक्ती जगभरचे जीपवाले वापरतात आणि नीट केली तर ती उत्तम चालते. म्हणूनच मला संशय आला नाही.

पुण्याजवळच्या एका गॅरेजवाल्याने व्हॉट्सॲपवर काय काय देणार ते लिहून पाठवलं होतं. नवा कॉम्प्रेसर, क्रँकला दुहेरी पुली लावून स्वतंत्र बेल्ट, २० लिटरची एअर टाकी, प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, ऑइल सेपरेटर, सहा महिने वॉरंटी. १५ हजार यूपीआयने आगाऊ, बाकी काम झाल्यावर.

गाडी न्यायला गेलो तेव्हा बॉनेट उघडं होतं. कॉम्प्रेसर काळाकुळकुळीत चमकत होता. बेल्ट मात्र एकच दिसला, फॅन बेल्टच लांब मापाचा घेऊन कॉम्प्रेसरवरून फिरवलेला. विचारलं तर म्हणाला, "दादा, दुहेरी पुलीची गरजच पडली नाही, एकच बेल्ट आरामात ओढतो." मी तिथेच अडायला हवं होतं. पण टाकीच्या घड्याळाचा काटा ११० वर होता आणि तो लगेच म्हणाला, "टायर खाली करा, बघा तरी." एका टायरची हवा १६ वर आणली, त्याने नळी लावली आणि मिनिटभरात २८ झाली. मी थक्क झालो. उरलेले १९ हजार रोख मोजून दिले. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागेल, उगाच कशाला" म्हणाला, आणि मी ऐकलं.

फसवणूक त्या एका मिनिटात होती. पुढे सगळं उघडकीला आल्यावर घरी शांतपणे हिशोब केला तेव्हा कळलं. माझा २३५/७५ आर १५ टायर १६ वरून २८ वर न्यायला साधारण ५० लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा लागते. ११० पीएसआयला भरलेली तेरा-चौदा लिटरची टाकी (वीसची म्हणून दिलेली, नंतर मोजली तेव्हा एवढीच निघाली) २८ पर्यंत उतरेस्तोवर सत्तरएक लिटर हवा देते. म्हणजे कॉम्प्रेसर जागचा हलला नाही तरी एक टायर भरून निघतो. आणि टाकी त्याने आधीच गॅरेजच्या मोठ्या कॉम्प्रेसरवरून भरून ठेवली होती. "फिटिंगची गळती बघायला भरली", असं तो माझ्यासमोर बोललाही होता.

दोन महिन्यांनी, जुलैत, केळदहून परतताना पहिल्यांदा चारही टायर भरायची वेळ आली. पहिला झटक्यात भरला. दुसरा अर्ध्यावर थांबला. मग इंजिनाचा आवाज वाढवून आम्ही भर पावसात उभे, काटा हलता हलेना. नळीच्या तोंडातून तेलाचा वास, हातावर चिकट काळपट थर. तिसऱ्या टायरला बेल्ट किंचाळायला लागला, रबर जळल्याचा वास आला आणि बेल्ट पुलीवरून उडाला. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आणि डायनॅमो! लाल दिवा लागल्याबरोबर मी इंजिन बंद केलं म्हणून हेड वाचलं. सीटखाली मूळ मापाचा जुना फॅन बेल्ट पडलेला होता. कॉम्प्रेसर वगळून जुन्या वाटेने तो चढवला आणि कसेबसे वेल्ह्यात आलो.

आमच्या सोसायटीत एसी दुरुस्तीचं काम करणारा एक मुलगा राहतो. रविवारी त्याला खाली बोलावलं. त्याने आधी कॉम्प्रेसर पाहिला. रंग खरवडला तर आत जुनं, खराब झालेलं ॲल्युमिनियम, मागच्या बाजूचा कंपनीचा छाप ग्राइंडरने घासून काढलेला. भंगारातला माल. ब्रॅकेट पातळ पत्र्याचं, तीन बोल्टच्या जागी दोन, म्हणून ओढ पडल्यावर ते वाकलं आणि बेल्टची रेषा सुटली. "यात तेल कधी घातलं होतं?" त्याने विचारलं. मला तर "मेंटेनन्स फ्री" सांगितलं होतं. त्याने समजावलं ते लक्षात ठेवा: बहुतेक गाड्यांच्या एसीत गॅसबरोबर तेल फिरून परत कॉम्प्रेसरमध्ये येतं. हवा भरायला तोच वापरला की तेल हवेबरोबर बाहेर जातं ते जातंच. म्हणून आत येणाऱ्या हवेत थोडं थोडं तेल सोडायची सोय लागते आणि बाहेर पडणाऱ्या हवेतलं तेल अडवणारा सेपरेटर लागतो. माझ्या सेपरेटरच्या बाटलीत जाळी नव्हतीच, रिकामी बाटली.

मग तो टाकीकडे वळला, आणि त्याचा चेहरा बदलला. किल्लीने काळा रंग खरवडला तर खालून फिकट निळा. वरच्या बाजूला, गोलात, ग्राइंडरच्या चार खुणा, धरायच्या कड्या कापल्याच्या. "दादा, ही आर १३४ ची, म्हणजे एसीच्या गॅसची बाटली आहे. गॅस संपला की फेकून द्यायची असते." ही बाटली पुन्हा भरायची नसतेच, तसं तिच्यावर छापलेलं असतं. पत्रा पातळ. हवेबरोबर पाणी आत जातं, तळाला साचतं, आतून गंज खातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यात याने तिला भोक पाडून वेल्डिंगने सॉकेट बसवलेले. तळाला पाणी काढायचा कॉक नाही. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी नुसता पितळी प्लग. प्रेशर स्विच अडकला असता तर दाब थांबवणारं काहीच नव्हतं. लिटरच्या भांड्याने पाणी ओतून मोजलं, वीस लिटर म्हणून दिलेली टाकी तेराच्या जरा वर भरली. मुलीचे पाय त्या टाकीपासून वीतभर अंतरावर असायचे. ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

टाकीतलं निघेल तेवढं पाणी काढून, कॉम्प्रेसरला पुन्हा बेल्ट चढवून एकदाच, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवून, सगळे लांब उभे राहून वेळ लावली. शून्यावरून ५० पर्यंत यायलाच साडेचार मिनिटं. धडधाकट कॉम्प्रेसर एवढी टाकी शंभरपर्यंत मिनिटभरात नेतो. तुम्ही हीच परीक्षा गॅरेजमध्ये, पैसे द्यायच्या आधी घ्या. टाकीची सगळी हवा सोडा, काटा शून्यावर आणा, गॅरेजची नळी लांब ठेवा, मग इंजिन चालू करून मोबाईलवर वेळ लावा. शिवाय एक नाही, चारही टायर भरून बघा. कॉम्प्रेसर नवा म्हणत असेल तर खोका आणि कंपनीचा छाप रंग मारायच्या आधी बघा. टाकी हवेसाठीच बनवलेली, दाबाचा आकडा कोरलेली हवी. रंगवलेली टाकी आणली तर नखाएवढा रंग खरवडून बघू द्या म्हणा, नाही म्हणाला तर गाडी परत घेऊन या. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा खूप गरम असते, म्हणून सुरुवातीचा पाइप धातूच्या जाळीचा हवा. प्लास्टिकचा पीव्हीसी पाइप तर कुठेच नको, तो दाबाने फुटला की काचेसारखे तुकडे उडतात.

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "नेताना चालत होतं ना? तुम्ही पाण्यात घातलीत गाडी." नंतर त्याने फोन उचलणं सोडलं. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्हॉट्सॲपवरची यादी, यूपीआयची नोंद आणि खरवडलेल्या टाकीचे फोटो जोडले. तक्रारीनंतर त्याने आठ हजार परत पाठवले, बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. रोख दिलेल्या १९ हजारांचा माझ्याकडे एकही कागद नाही, वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला.

बाटली भंगारात द्यायला निघालो तेव्हा त्या मुलाने थांबवलं. "अशीच देऊ नका, उद्या पुन्हा रंगवून कुणाच्या तरी गाडीत जाईल." आम्ही ड्रिलने तिला सहा भोकं पाडली. पहिल्या भोकातून तांबूस पाण्याची धार लागली, आणि ती बराच वेळ थांबली नाही.